अंतराळातील विदूषक

आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल, तर त्यांचा आम्हांस राग नाही. या मालेत राज्यघटनेवर बोलले जाते, संतवाङ्मयावर बोलले जाते, धरणांवर आणि दुष्काळावर बोलले जाते; तेथे बोलणारा रॅकून आणि चालणारे झाड यांची गोष्ट घेऊन एका वयस्क माणसाने उभे राहावे, हे थोडे चमत्कारिकच आहे. परंतु हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. तो आमच्या घरात शिरला. सुट्टीच्या दिवसांत नातवंडांनी आम्हांस धरून बसविले आणि २०१४ सालचा ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ हा अमेरिकन चित्रपट दाखविला. दोन तास मुले हसत होती. आम्हीही हसलो, न हसून सांगणार कोणास? पण आम्हांस खिळवून ठेवले ते हास्याने नव्हे. चित्रपटाच्या आरंभी १९८८ सालच्या रुग्णालयाचा एक प्रसंग आहे. आई मरणशय्येवर आहे, ती मुलाला हात धरावयास सांगते, आणि तो मुलगा भीतीने तोंड फिरवितो. हा चित्रपट आमच्या नातवाने त्यापूर्वी चार-पाच वेळा पाहिलेला होता. संवाद त्याला पाठ. तरी या ठिकाणी तो गप्प झाला आणि आमच्या बाजूला थोडा सरकला. पुढे सगळी धमाल आहे हे ठाऊक असून तो तेथे दर वेळी गप्प होतो, असे त्याच्या आईने नंतर सांगितले.

अशा चित्रपटांना लोक गर्दी का करतात, याची दोन उत्तरे सुशिक्षितांत रूढ आहेत. एक उत्तर असे, की डोळे दिपविणारी यंत्रकरामत आणि जाहिरातीचा गदारोळ यांना लोक भुलतात. दुसरे असे, की माणूस रोजच्या कटकटीतून पळू पाहतो आणि पृथ्वीपेक्षा दूर पळावयास जागा नाही. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण करामत आणि जाहिरात लाभूनही कोसळलेले चित्रपट पुष्कळ आहेत. आणि पळून जाणाऱ्याला वाटेत मरणारी आई कशाला हवी? आम्हांस असे वाटते, की या हसऱ्या अंतराळकथेचे आकर्षण समजून घ्यावयाचे तर तिचा इतिहास पाहिला पाहिजे.

त्या इतिहासातील पहिली गोष्ट ही, की अंतराळाचा चित्रपट जन्मला तोच हसत. १९०२ साली जॉर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगाराने चंद्रावरच्या सफरीचा मूकपट काढला. पंधरा मिनिटांच्या आतबाहेरचा हा पट. त्यात दाढीवाले पंडित तोफेच्या गोळ्यात बसून चंद्रावर जातात; तो गोळा चंद्राच्या नेमका डोळ्यात रुततो आणि चंद्र तोंड वेडेवाकडे करतो. हे पंडित बरोबर छत्र्या नेतात. एक छत्री चंद्रावर रोवताच तिची अळंबी होते, आणि तिथल्या रहिवाशांवर छत्रीचा फटका बसताच त्यांचा धूर होतो. विज्ञानाची थट्टा आणि विज्ञानाचे कुतूहल ही दोन्ही एका पडद्यावर सुखाने नांदत होती. मेलिएसचा धंदा पुढे बुडाला आणि म्हातारपणी त्याला पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावर खेळणी विकावी लागली. अंतराळपटाचा जनक खेळण्यांच्या दुकानात बसलेला आहे, हे चित्र आमच्या मनातून जात नाही.

पुढचा टप्पा अमेरिकेतील वृत्तपत्रांच्या पानांवर आहे. ७ जानेवारी १९२९ रोजी बक रॉजर्स या भविष्यकाळातील वीराची चित्रमालिका सुरू झाली. बरोबर पाच वर्षांनी, ७ जानेवारी १९३४ रोजी, अॅलेक्स रेमंड या चित्रकाराने फ्लॅश गॉर्डनला जन्म दिला. ही वर्षे आर्थिक मंदीची होती. १९३६ साली युनिव्हर्सल कंपनीने फ्लॅश गॉर्डनचा १३ भागांचा मालिकापट काढला. आठवड्याला एक भाग, आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस नायक मरणाच्या दारात. नायकाचे काम बस्टर क्रॅबने केले; १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविलेला हा जलतरणपटू. अंतराळवीर म्हणून त्याची पात्रता एवढीच, की अंग पिळदार होते आणि उड्या मारता येत होत्या.

हा मालिकापट आज पाहिला म्हणजे हसू आल्यावाचून राहत नाही. ‘फ्रॅंकेन्स्टाइन’सारख्या आधीच्या भयपटांतील देखावे आणि पार्श्वसंगीत यांचाच त्यात पुन्हा उपयोग केलेला आहे. तारेला टांगलेले यान थरथरत जाते, आणि त्याच्या शेपटीतला धूर निर्वात पोकळीतही उदबत्तीच्या धुरासारखा वर चढतो. हे हसू मात्र निर्मात्यांनी योजिलेले नव्हते. नायक स्वतः कधी थट्टा करीत नाही, त्याला तेवढी उसंतच नाही. आणि एक डाग येथे सांगितलाच पाहिजे. खलनायक मिंग हा परग्रहावरचा सम्राट असला, तरी त्याची मिशी, पोशाख आणि नाव ही सारी पूर्वेकडच्या माणसांविषयी पाश्चात्त्यांच्या मनात असलेल्या द्वेषयुक्त भीतीतून आलेली आहेत. हलकीफुलकी करमणूकही आपल्या काळाचे विष पोटात घेऊन फिरते. तरीसुद्धा मंदीच्या दिवसांतील मुलांना या टांगलेल्या यानांनी जे दिले ते त्यांपैकी कित्येक आयुष्यभर विसरले नाहीत.

मग अंतराळ खरे झाले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुत्निक आकाशात गेला, १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिनने पृथ्वीला फेरी घातली, २० जुलै १९६९ रोजी माणसे चंद्रावर उतरली. जी गोष्ट खरी होते तिच्यासमोर माणूस टोपी काढून उभा राहतो. १९६८ साली स्टॅन्ली कुब्रिकने ‘२००१ : ए स्पेस ओडिसी’ हा चित्रपट काढला, त्याचे गांभीर्य एखाद्या मंदिराच्या गाभाऱ्यातले आहे. त्याची थोरवी आम्हांस मान्य आहे. पण त्यातील माणसे इतकी शांत, इतकी कोरडी, की मरताना आपली भीती बोलून दाखविते ते यंत्र! विश्व अफाट आहे हे तो चित्रपट पटवून देतो. त्या अफाटपणात माझ्यासारख्याने करावे काय, हे मात्र तो सांगत नाही. त्याचा तो विषयही नव्हे.

आता १९७७ या सालाकडे येऊ. या सालावर आम्ही थोडे रेंगाळणार आहोत. जॉर्ज लुकास या तरुण दिग्दर्शकाला लहानपणी पाहिलेला फ्लॅश गॉर्डन पुन्हा पडद्यावर आणावयाचा होता. त्याला हक्क मिळाले नाहीत. म्हणून त्याने स्वतःचीच कथा रचली, आणि २५ मे १९७७ रोजी ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला. त्याच्या आरंभी पडद्यावरून वर सरकत जाणारी अक्षरे जुन्या मालिकापटांचीच आठवण आहे. निक्सनला अध्यक्षपद सोडून तीन वर्षेही झाली नव्हती, सायगाव पडून दोनच वर्षे झाली होती. अशा खिन्न अमेरिकेला एक कर्जबाजारी तस्कर, एक केसाळ सोबती आणि दोन भांडकुदळ यंत्रमानव यांनी खुर्चीत खिळवून ठेवले. त्यातील यान जुने, पोचे पडलेले, ऐन वेळी बंद पडणारे होते. आमच्याकडे एस. टी. ची गाडी घाटात ज्या तऱ्हेने रुसते त्याच तऱ्हेने ते रुसते, आणि प्रेक्षकाला अंतराळ ओळखीचे वाटू लागते.

त्याच वर्षी, त्याच देशातून, एक खरे यानही निघाले. २० ऑगस्ट १९७७ रोजी व्हॉयेजर-२ आणि ५ सप्टेंबर रोजी व्हॉयेजर-१. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक ध्वनिमुद्रिका आहे. न जाणो, कोणी परका कधी ऐकेल, म्हणून कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पृथ्वीवरच्या २७ संगीतरचना तीत निवडून घातल्या. एकूण सुमारे नव्वद मिनिटांचे संगीत. त्यांत बाख आहे, बीथोव्हेन आहे, आणि गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ निघाल्यानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई वारल्या. ज्यांनी आपले गाणे सहजासहजी ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही, त्यांचा आवाज २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राची वेस ओलांडून गेला!

त्याच मुद्रिकेत चक बेरी या निग्रो गायकाचे — आज हा शब्द कोणी वापरीत नाही आणि तेच योग्य. कृष्णवर्णी अमेरिकन गायकाचे म्हणू — एक रॉक अँड रोल गीत आहे. लोकसंगीताचे थोर संग्राहक अॅलन लोमॅक्स यांनी त्याला हरकत घेतली, हे पोरकट संगीत आहे असे त्यांचे म्हणणे. त्यावर सेगन यांनी उत्तर दिल्याचे सांगतात, की पृथ्वीवर पोरेही पुष्कळ आहेत. आमच्या विषयावर इतके नेमके भाष्य आम्ही दुसरे ऐकलेले नाही.

आता हे पाहा. ज्या चित्रपटाविषयी आम्ही बोलत आहोत त्याचा नायक पीटर क्विल याच्यापाशी, आईने आपल्या आवडीची गाणी भरून दिलेली एक कॅसेट आणि कमरेला लावावयाचा एक वॉकमन, एवढीच पृथ्वीची ठेव आहे. आईने प्राण सोडताच तो रुग्णालयाबाहेर धावला आणि तेथेच परग्रहावरच्या लुटारूंनी त्याला उचलून नेले. सव्वीस वर्षे तो अंतराळात भटकतो आहे, चोऱ्या करतो आहे, आणि तीच दहा-बारा गाणी ऐकतो आहे. एका ओसाड ग्रहावर तो येतो. आपल्याला वाटते, आता भयानक काही घडणार. तो कानाला यंत्र लावतो आणि १९७४ सालच्या गाण्यावर नाचत नाचत, तेथल्या उंदरासारख्या प्राण्याचा ध्वनिक्षेपक करून गात पुढे जातो. चित्रगृहे तेथेच जिंकली गेली. कुब्रिकच्या गाभाऱ्यात कोणीतरी चपला न काढता शिरला, आणि देव रागावला नाही.

हे पात्र आणि त्याचे सोबती आले कोठून, ती हकीकत चित्रपटाइतकीच रंजक आहे. मार्व्हल ही चित्रकथा छापणारी कंपनी १९९६ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली. तिच्या पदरी जे नामांकित वीर होते त्यांचे चित्रपटहक्क तिने इतरांना देऊन टाकलेले किंवा पुढे देऊन टाकले: एक्स-मेन फॉक्सकडे गेले, स्पायडर-मॅन सोनीकडे. २००५ साली कंपनीने स्वतःच चित्रपट काढण्याचे ठरविले आणि त्यासाठी ५२ कोटी ५० लाख डॉलरांच्या कर्जाची सोय केली. तारण ठेविले ते उरलेल्यांपैकी दहा नावांचे चित्रपटहक्क. त्या तारणाच्या यादीतही या मंडळाचे नाव नव्हते. सावकारालाही ज्यांची किंमत वाटू नये, असे हे वीर!

आणि किंमत का वाटावी? १९६९ साली याच नावाचे मंडळ एका चित्रकथेत आले होते, पण त्यातील माणसे निराळी, काळ एकतिसाव्या शतकाचा. चित्रपटातील पाच जण २००८ च्या चित्रकथेने एकत्र आणले, आणि तेही निरनिराळ्या अडगळींतून. ग्रूट हे झाड १९६० सालचे. तेव्हा तो पृथ्वीवरचे एक गावच्या गाव पळवावयास आलेला राक्षस होता, आणि शेवटी एका शास्त्रज्ञाने त्याच्यावर वाळवी सोडून त्याचा निकाल लावला. ड्रॅक्स १९७३ चा, गमोरा १९७५ ची, क्विल १९७६ चा. रॉकेट हा रॅकूनही १९७६ चा. रॅकून म्हणजे डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला, शेपटीला वळी असलेला अमेरिकेतला निशाचर प्राणी, लोकांच्या कचऱ्याच्या डब्यांवर जगण्याबद्दल प्रसिद्ध. २००९ च्या सुमारास निकोल पर्लमन ही लेखिका मार्व्हलच्या पदरी होती. फारशा न गाजलेल्या पात्रांच्या यादीतून एक निवडा, असे तिला सांगण्यात आले; तिने हे निवडले. पुढे जेम्स गन याने पटकथा नव्याने लिहिली आणि दिग्दर्शन केले. १ ऑगस्ट २०१४ रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला, जगभर त्याने ७७ कोटी डॉलरांहून अधिक मिळविले, आणि चाळीस वर्षांच्या जुन्या गाण्यांची ती कॅसेट त्या महिन्यात अमेरिकेत सर्वाधिक खपणारा गीतसंग्रह ठरली.

टाकून दिलेल्या पात्रांचा हा चित्रपट टाकून दिलेल्या माणसांविषयीच आहे, हा योगायोग म्हणा किंवा कर्त्यांचे भान म्हणा. पाचांपैकी कोणालाही घर नाही. ड्रॅक्सची बायको आणि मुलगी मारली गेली आहेत. गमोराला तिच्या आईबापांच्या मारेकऱ्यानेच वाढविले. रॉकेटला प्रयोगशाळेत कापून-शिवून बोलता केले. आणि हे सगळे अखंड विनोद करतात. ड्रॅक्सला लक्षणार्थ म्हणून कळत नाही. एखादी गोष्ट डोक्यावरून जाते म्हटले, तर माझ्या डोक्यावरून काही जाणार नाही, मी ते झटकन पकडीन, असे तो गंभीरपणे सांगतो. अलंकारशास्त्राच्या वर्गात हा प्रसंग दाखवावा, अशी आमची सूचना आहे. पण मधेच दारूच्या गुत्त्यात रॉकेटला कोणी किडा म्हटल्याची बोच लागते, आणि तो ओरडतो की आपल्याला असे बनवा म्हणून आपण कोणास सांगितले नव्हते. सगळे स्तब्ध होतात. प्रेक्षकालाही एकदम उमगते, की आतापर्यंत आपण ज्याला हसलो ते याचे चिलखत होते.

भरतमुनींनी रसांच्या जोड्या सांगितल्या आहेत: शृंगारापासून हास्य, रौद्रापासून करुण, वीरापासून अद्भुत, बीभत्सापासून भयानक. वीरातून अद्भुत ही जोडी अंतराळपटांना चपखल बसते. फ्लॅश गॉर्डनपासून सारे तिच्यावरच जगले. येथे मात्र हास्याचे मूळ शृंगारात नसून करुणात आहे. संस्कृत नाटकात नायकाच्या बाजूला विदूषक असतो; नायकाने रडावे, त्याने हसवावे, अशी कामाची वाटणी ठरलेली असते. या चित्रपटात नायक आणि विदूषक एकच आहे. शेवटी जग जाळावयास उभ्या ठाकलेल्या खलनायकापुढे क्विल काय करतो? नाचू लागतो. तो क्रूरकर्मा क्षणभर अवाक होतो, तेवढा वेळ सोबत्यांना पुरतो. मग तो विनाशक मणी क्विलच्या हाती येतो आणि त्याचे शरीर फाटू लागते. गमोरा म्हणते, हात धर. आणि त्याला दिसते ती रुग्णालयातली आई, हात पुढे केलेली. या वेळी तो हात धरतो. बाकीचेही एकमेकांचा हात धरतात, आणि जे एकाला मारून टाकले असते ते चौघांत वाटले जाते.

त्यानंतरचा एक क्षण आम्हांस याहूनही मोलाचा वाटतो. सोबत्यांना वाचविताना ग्रूट मोडून पडला आहे. ‘मी ग्रूट’ याखेरीज ज्याला बोलता येत नव्हते, तो अखेरीस ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ म्हणून गेला. त्याची एक काटकी हातात घेऊन रॉकेट रडत बसतो. ज्याने त्याला किडा म्हटले होते तोच ड्रॅक्स शेजारी येऊन बसतो आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवितो. रॉकेट प्रथम दचकतो, अंग चोरतो; त्याला आजवर कोणी मारावयाखेरीज हात लावलेला नाही. मग तसाच बसून राहतो. संवाद एकही नाही. लक्षावधी डॉलर ओतून बनविलेल्या त्या चित्राच्या पाठीवर फिरणारा तो हात पाहताना यंत्रकरामतीची आठवणही होत नाही.

या यशाचा व्हायचा तो परिणाम झाला. हसण्याला भाव आहे हे कारखानदारांना कळले आणि हसणे कारखान्यात तयार होऊ लागले. १९८० साली फ्लॅश गॉर्डनचा जो रंगीत चित्रपट निघाला होता, त्यात कथा स्वतःचीच टवाळी करते. ती मौजेची आहे, पण कोणाच्या जिवाचे काही होईल अशी धास्ती तेथे कधी वाटत नाही. २०१४ नंतर तसेच काहीसे अनेक ठिकाणी दिसू लागले. २०१७ सालच्या ‘थॉर : रॅग्नारॉक’मध्ये विनोद अस्सल आहे, पण एका अख्ख्या नगरीचा नाश होतो आणि त्यावरही कोटी होते. पुढे पुढे प्रत्येक संकटापाठोपाठ कोटी ठरलेलीच, इतकी की प्रेक्षक आधीच तिची वाट पाहू लागले. आणि २०२३ साली ‘द मार्व्हल्स’ या अंतराळपटाकडे त्यांनी पाठ फिरविली. तो या मालिकेतील सर्वांत कमी उत्पन्नाचा चित्रपट ठरला. दोष लोकांच्या अभिरुचीचा नव्हता. चिलखत पुष्कळ घडविले गेले, आत माणूस घालावयाचा राहिला.

त्याच २०२३ सालच्या मे महिन्यात गनचा तिसरा आणि शेवटचा भाग आला होता, आणि तो चालला. त्यात रॉकेटचे बालपण दाखविले आहे: पिंजरा, प्रयोग, पिंजऱ्यातले मित्र आणि त्यांचा शेवट. आमच्या घरातील धाकटीला आम्ही तो अर्ध्यावर बंद करून दुसऱ्या खोलीत नेले. इतका तो कठोर आहे, आणि लहानांना एकट्याने पाहू देऊ नये असे आमचे मत आहे. थोरल्याने मात्र शेवटपर्यंत पाहिला. शेवटच्या नामावळीनंतरही थांबावे लागते, हे त्यानेच आम्हांस सांगितले. “आजोबा, उठू नका, अजून आहे.” म्हणून थांबलो. १९८८ साली रुग्णालयाच्या ओसरीतून नाहीसा झालेला तो मुलगा आता चाळिशी ओलांडून पृथ्वीवर परतला आहे. अंतराळ नाही, याने नाहीत. म्हाताऱ्या आजोबांच्या घरी तो सकाळची न्याहारी करीत बसला आहे, आजोबा वर्तमानपत्र वाचीत आहेत, आणि दोघांचे बोलणे चालले आहे ते शेजारच्या अंगणातले गवत कोणी कापावे याविषयी.